किरणोत्सार सोसणाऱ्या जिवाणूचे बळ त्याच्या अन्नात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

किरणोत्साराचा प्रचंड मारा सोसूनही जिवंत राहणाऱ्या डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूविषयीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या विज्ञान पानांवर अधूनमधून प्रसिद्ध होतात. हा जिवाणू अमर आहे, तो किरणोत्सारावरच जगतो, उद्या तो अणुभट्ट्यांचा कचरा खाऊन संपवील, अशा अर्थाची वाक्ये त्या बातम्यांत हमखास आढळतात. तो किती ग्रेचा (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) मारा सोसतो याचा आकडा प्रत्येक लेखात असतो. तो खातो काय आणि खाल्लेल्याचे करतो काय, याविषयी मात्र एक ओळही नसते. अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की या जिवाणूच्या बळाचे मूळ त्याच्या पोषणात आणि चयापचयात आहे, आणि ती बाजू वगळल्यामुळेच वाचकांच्या मनात त्याच्याविषयी चुकीचे चित्र उभे राहते. ती बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते काहीसे लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

हा जिवाणू सापडला तोच मुळी अन्नात. १९५६ साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील कृषी संशोधन केंद्रात आर्थर अँडरसन आणि त्यांचे सहकारी डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येते का, याचे प्रयोग करत होते. सर्व ज्ञात सूक्ष्मजीव मरतील अशी अपेक्षा असलेली मात्रा देऊनही मांस नासले आणि त्यातून लालसर गुलाबी रंगाचा, दोन-दोन किंवा चार-चार पेशींच्या जुडग्यांत राहणारा हा जिवाणू मिळाला. एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली तर ती मात्रा एक ग्रे मानतात. माणसाच्या संपूर्ण शरीराला एकदम पाचेक ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर तो सहसा वाचत नाही. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय काहीशे ग्रेमध्ये संपतो. डायनोकॉकसची संख्या मात्र ५,००० ग्रेनंतरही जवळपास घटत नाही. मांसासारख्या प्रथिनांनी समृद्ध पदार्थात तो सापडला, ही गोष्ट पुढे कळलेल्या त्याच्या आहाराशी चांगलीच जुळणारी आहे.

एवढ्या माऱ्यातून तो वाचतो कसा, या प्रश्नाचे उत्तर प्रदीर्घ काळ डीएनएच्या दुरुस्तीत शोधले गेले. त्यात तथ्य आहेच. मोठ्या मात्रेनंतर त्याच्या गुणसूत्रांचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते अचूक जोडून घेतो. मिरोस्लाव्ह राडमान यांच्या गटाने २००६ साली ही जोडणी कशी होते हे उलगडून दाखवले. तुकड्यांची टोके एकमेकांचा साचा म्हणून वापरली जातात, त्यांवर नव्या डीएनएचे मोठ्या प्रमाणावर संश्लेषण होते आणि मग अखंड गुणसूत्र पुन्हा सिद्ध होते. प्रत्येक पेशीत जनुकसंचाच्या चार ते दहा प्रती असल्यामुळे साच्यांची वाण पडत नाही. पण १९९९ साली या जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा अभ्यासकांना एक पेच पडला. दुरुस्तीची जी विकरे (एन्झाइम) त्यात आढळली, त्यांतील बहुतेक इतर साध्या जिवाणूंतही असतात. शिवाय समान मात्रेत ई. कोलायच्या आणि याच्या डीएनएचे तुकडेही साधारण सारख्याच प्रमाणात पडतात. हत्यारे जवळपास तीच आणि इजाही तेवढीच असताना एक मरतो आणि दुसरा जगतो, याचे कारण डीएनएच्या बाहेर कोठे तरी असले पाहिजे, हे त्यातून उघड झाले.

ते कारण प्रथिनांच्या रक्षणात सापडले. अमेरिकेतील बेथेस्डा येथील मायकेल डॅली यांच्या गटाने २००४ साली दाखवले की डायनोकॉकसच्या पेशीत लोहाच्या जवळपास पाव पट मँगनीज असते, तर ई. कोलायमध्ये हे प्रमाण शंभरात एक इतकेही नसते. किरणोत्साराला अतिशय हळवा असलेला श्युवानेला ओनाइडेन्सिस हा जिवाणू शंभर ग्रेच्या आतच मरतो, आणि त्याच्या पेशीत लोहाच्या तुलनेत मँगनीज ई. कोलायपेक्षाही कितीतरी कमी असते. किरणोत्सारामुळे पेशीतील पाणी फुटते आणि त्यातून अत्यंत क्रियाशील मुक्त मूलके व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेरॉक्साइडची आणि मोकळ्या लोहाची गाठ पडली की आणखी घातक मूलके जन्माला येतात आणि ती प्रथिनांचे भस्म करतात. मँगनीज हे संकट वाढवत नाही. फॉस्फेट, छोटे पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे), अमिनो आम्ले आणि न्यूक्लिओसाइड यांच्याशी त्याची संयुगे बनली की ती या मूलकांपैकी सुपरऑक्साइडला निकामी करतात आणि प्रथिने शाबूत राहतात. घर पडले तरी गवंडी आणि त्याची हत्यारे सुखरूप असतील तर घर पुन्हा बांधता येते. डायनोकॉकसच्या बाबतीत गवंडी वाचतो, ई. कोलायमध्ये घराबरोबर तोही गाडला जातो. याच जिवाणूला मँगनीजची टंचाई असलेल्या माध्यमात वाढवले, तर त्याची सहनशक्ती ढासळते. जनुके तीच असतात, केवळ अन्नातले एक खनिज कमी झालेले असते.

माझ्या दृष्टीने या साऱ्या संशोधनातला सर्वांत बोलका प्रयोग याच्याही आधीचा, २००० सालचा आहे, आणि लोकप्रिय लेखनात त्याचा उल्लेख जवळजवळ होतच नाही. प्रयोगशाळेत हा जिवाणू सहसा ट्रिप्टोन, ग्लुकोज आणि यीस्टचा अर्क यांच्या सकस माध्यमात वाढवतात. ट्रिप्टोन म्हणजे दुधातील केसीन या प्रथिनाचे विकराने केलेले तुकडे. अशा माध्यमात ताशी ६० ग्रे या दराने अखंड किरणोत्सार चालू असतानाही तो वाढत राहतो. माणसाला घातक ठरणारी मात्रा या दराने सुमारे पाच मिनिटांत पुरी होते, हे ध्यानात घेतले तर या वाढीचे मोल कळते. २००० सालच्या प्रयोगात संशोधकांनी त्याच्यासाठी मोजक्याच घटकांचे, जेमतेम पोषणाचे माध्यम तयार केले. किरणोत्सार नसताना त्या माध्यमात तो व्यवस्थित वाढला. किरणोत्सार सुरू केल्यावर मात्र त्याची वाढ थांबली आणि तो मेला. दुरुस्तीच्या जनुकांत कोणताही बिघाड झालेला नव्हता. दुरुस्तीला लागणारा कच्चा माल त्याचा चयापचय पुरवू शकत नव्हता, एवढेच. अमिनो आम्ले आणि निकोटिनिक आम्ल यांसारखे नेमके घटक पुन्हा दिल्यावर किरणोत्सारातही त्याची वाढ पूर्ववत झाली.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अमर म्हणून ज्याची ख्याती आहे, तो जीव स्वतःच्या गरजेच्या साध्या गोष्टीही स्वतः बनवू शकत नाही. गंधक असलेले अमिनो आम्ल त्याला बाहेरून मिळावे लागते. निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब गटातील जे जीवनसत्त्व आपल्यालाही आहारातून घ्यावे लागते, तेही त्याला आयतेच हवे असते, कारण त्यापासून बनणाऱ्या एनएडी या सहविकराची मुळापासून घडण करणारा मार्ग त्याच्या जनुकसंचात नाही. पेशीतील ऊर्जेचा बहुतेक व्यवहार एनएडीच्या मार्फत चालतो, हे पाहिले तर ही उणीव किती मोठी आहे हे लक्षात येईल. उलट प्रथिने फोडणारी विकरे त्याच्याकडे विपुल आहेत. तो ती पेशीबाहेर सोडतो, मेलेल्या जीवांची प्रथिने फोडतो आणि पेप्टाइड व अमिनो आम्ले आत ओढून घेतो. सकस प्रथिनयुक्त आहारावर जगणारा, स्वतः फारसे न रांधणारा असा हा जीव आहे. आत आलेली हीच पेप्टाइड आणि अमिनो आम्ले दुहेरी कामाची ठरतात. काही नव्या प्रथिनांच्या आणि डीएनएच्या घडणीत खर्ची पडतात आणि काही मँगनीजबरोबर संयुग करून ढाल बनतात. आहार आणि संरक्षण या दोन गोष्टी या जिवाणूत वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि नेमके हेच आपल्या बातम्यांतून निसटते.

मारा बसल्यानंतर त्याच्या चयापचयात होणारे बदलही तितकेच लक्षणीय आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५,००० ग्रे मात्रेनंतर सावरत असलेल्या पेशींत कोणती जनुके जागी होतात आणि कोणती मंदावतात हे पाहिले गेले. ऊर्जा मिळवण्याच्या क्रेब्स चक्राचा काही भाग या काळात मंदावतो आणि त्याला वळसा घालणारा ग्लायॉक्सिलेट मार्ग जोमाने चालू होतो. क्रेब्स चक्र पूर्ण वेगाने चालले की श्वसनसाखळीकडे इलेक्ट्रॉनांचा लोंढा जातो, आणि त्यातून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून पुन्हा मुक्त मूलकेच तयार होतात. आधीच जखमी असलेल्या पेशीला हा भार परवडणारा नसतो. वळणमार्गाने गेल्यामुळे ऊर्जा थोडी कमी मिळते, पण मूलके कमी निर्माण होतात आणि कार्बनचा सांगाडा जळून न जाता नव्या घडणीसाठी शिल्लक राहतो. संकटात आपली चूल मंद करण्याचे हे कौशल्य मला त्याच्या डीएनए-दुरुस्तीइतकेच थक्क करणारे वाटते, आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत त्याला जागा मिळायला हवी असे वाटते.

आता ‘किरणोत्सारावर जगतो’ या विधानाविषयी. डायनोकॉकस किरणोत्सारापासून ऊर्जा मिळवत नाही. शर्करा आणि अमिनो आम्ले हेच त्याचे इंधन आहे आणि किरणोत्सार ही त्याच्यासाठीही आपत्तीच आहे. किरणोत्साराचा अप्रत्यक्ष उपयोग करून जगणारा एक जिवाणू खरोखर आहे, पण तो वेगळा. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत सुमारे २.८ किलोमीटर खोलीवर, खडकाच्या भेगांतील पाण्यात डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर हा जिवाणू राहतो. खडकातील युरेनियमच्या क्षयामुळे पाणी फुटते, त्यातून हायड्रोजन मिळतो, आणि त्या हायड्रोजनचा सल्फेटशी संयोग घडवून हा जिवाणू ऊर्जा मिळवतो. सूर्यप्रकाशाशी त्याचा काही संबंध नाही. या दोन जिवाणूंची गल्लत करणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

मग डायनोकॉकसने एवढी सहनशक्ती कमावली कशासाठी? पृथ्वीवर एवढा नैसर्गिक किरणोत्सार कोठेही नाही. १९९६ साली मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दिलेले उत्तर आज बहुतेकांना पटते. पेशी कोरडी पडल्यानंतरही डीएनएचे तुकडे होतात, आणि शुष्कतेत तगून राहण्यासाठी कमावलेली शक्ती किरणोत्सारातही उपयोगी पडते. जपानच्या तानपोपो मोहिमेत या जिवाणूच्या सुकवलेल्या गोळ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेवल्या गेल्या आणि तीन वर्षांनंतरही त्यांतील काही पेशी जिवंत निघाल्या, ही २०२० सालची बातमी पुष्कळांना आठवत असेल. त्या पेशी तेथे खात नव्हत्या, वाढत नव्हत्या, विभागत नव्हत्या. तग धरणे आणि जगणे यांत फरक आहे, आणि जगण्यासाठी त्यांना पृथ्वीवर परतून पाणी व अन्न मिळावेच लागले.

अणुकचऱ्याच्या प्रश्नाकडे याच नजरेने पाहायला हवे. पहिली गोष्ट अशी की कोणताही जिवाणू किरणोत्सारिता नष्ट करू शकत नाही. युरेनियमचा अणू जिवाणूच्या पोटात जाऊनही युरेनियमच राहतो. त्याचे रासायनिक रूप बदलून त्याला पाण्यातून बाहेर काढणे एवढेच शक्य आहे, आणि तेही अतिशय मोलाचे आहे. या कामात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा अभिमानास्पद आहे. श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला गटातील जिवाणूचे फोएन हे जनुक डायनोकॉकसमध्ये घातले. त्या जनुकापासून बनणारे विकर सेंद्रिय फॉस्फेटमधून फॉस्फेट सुटे करते, आणि ते युरेनियमशी संयोग पावून अविद्राव्य साका बनते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ०.८ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे साधारण १९० मिलिग्रॅम युरेनियम असलेल्या द्रावणातून सहा तासांत ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम खाली बसले, आणि ६,००० ग्रे गॅमा किरणांचा मारा दिल्यानंतरही या पेशींची ती क्षमता टिकून राहिली. मात्र विकराला काम करण्यासाठी लागणारे सेंद्रिय फॉस्फेट येथेही बाहेरूनच पुरवावे लागते. ते मिळाले नाही तर पेशी कितीही चिवट असली तरी युरेनियम पाण्यातच राहील.

अमेरिकेत शीतयुद्धाच्या काळात अण्वस्त्रनिर्मितीचा कचरा हॅनफर्डसारख्या ठिकाणी थेट जमिनीत सोडला गेला. अशा जागी किरणोत्साराबरोबर पारा, क्रोमियम, सॉल्व्हंट असे सारे एकत्र असते. पाऱ्याच्या आयनांचे कमी विषारी धातुरूपात रूपांतर करणारे जनुक २००० सालीच डायनोकॉकसमध्ये घालून झाले. तरीही जमिनीतल्या त्या निकृष्ट पोषणात तो स्वतः टिकून काम करील का, हा प्रश्न राहिला, आणि वर सांगितलेला कमी पोषणाचा प्रयोग नेमका याच चिंतेतून झाला होता. म्हणूनच काही संशोधक त्याच्या डायनोकॉकस जिओथर्मॅलिस या नातलगाकडे वळले. हा उष्ण झऱ्यांत सापडलेला, सुमारे ४५ ते ५० अंश सेल्सिअसला उत्तम वाढणारा जिवाणू आहे. तो अनेक प्रकारच्या शर्करांवर गुजराण करतो, आणि अमिनो आम्ले व निकोटिनिक आम्ल बाहेरून मिळण्यावर तो अवलंबून नाही. दूषित जमिनीसाठी जिवाणू निवडताना त्याचे पोट किती सहज भरते, याला सहनशक्तीइतकेच महत्त्व द्यायला हवे. श्युवानेला धातूंचे क्षपण करण्यात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे रासायनिक रूप बदलण्यात, निष्णात, पण किरणोत्सारापुढे दुबळा. डायनोकॉकस किरणोत्सारापुढे भक्कम, पण आहाराच्या बाबतीत परावलंबी. दोन्ही गुण एकाच जिवाणूत जुळवणे हेच खरे अवघड काम आहे, आणि त्यावर बोलल्याशिवाय ‘कचरा खाणारा जिवाणू’ असे लिहिणे योग्य नाही.

आपल्या वाचकांशी थेट संबंध असलेला एक मुद्दा अन्नाच्या विकिरणाचा आहे. लासलगावच्या कृषक प्रकल्पात कांद्यावर आणि वाशीच्या प्रकल्पात मसाल्यांवर विकिरण प्रक्रिया होते. असा जिवाणू अस्तित्वात असताना विकिरण केलेले अन्न सुरक्षित कसे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कांद्याला मिळणारी मात्रा ०.०२ ते ०.२ किलोग्रे, म्हणजे फार तर २०० ग्रे असते आणि ती केवळ मोड येऊ नयेत म्हणून असते. जंतू मारणे हा तिचा उद्देशच नाही. मसाल्यांना ६ ते १४ किलोग्रे देतात, आणि त्यातून डायनोकॉकसच्या काही पेशी वाचल्या तरी हळदीच्या किंवा मिरचीच्या कोरड्या पुडीत त्यांना वाढायला पाणीच नसते. शिवाय हा जिवाणू माणसाला रोग करत नाही. ज्यांचे भय धरावे ते साल्मोनेलासारखे रोगजंतू या मात्रेत टिकत नाहीत. कांदा उत्पादकांच्या आणि ग्राहकांच्या मनातली ही शंका दूर होणे आवश्यक आहे.

दुसरी शंका याच्या अगदी उलट टोकाची आहे. मँगनीजमुळे जिवाणूला संरक्षण मिळते, असे वाचून मँगनीजच्या गोळ्या घ्याव्यात का, असे विचारणारेही भेटतात. कृपया तसे कोणीही करू नये. आपल्या शरीराला मँगनीज अत्यल्प प्रमाणात लागते आणि ते धान्ये, डाळी, चहा यांतून सहज मिळते. त्याचा अतिरेक मेंदूला इजा करतो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेलेल्या खाणकामगारांत हातापायांचा ताठरपणा, थरथर आणि चालण्यातील दोष ही लक्षणे पूर्वीपासून नोंदली गेली आहेत. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. डायनोकॉकसवरून सुचलेली मँगनीज, पेप्टाइड आणि फॉस्फेट यांची मिश्रणे किरणोत्साराने निष्क्रिय केलेल्या लसी तयार करण्यासाठी अभ्यासली जात आहेत. त्यांत जंतूचा डीएनए किंवा आरएनए मोडतो, पण प्रतिकारशक्तीला ओळख पटवणारी प्रथिने शाबूत राहतात. हा उपयोग प्रयोगशाळेतील काटेकोर मोजमापांवर उभा आहे. औषधांच्या दुकानातील गोळीशी त्याचा संबंध नाही.

आपणास माझी विनंती एवढीच आहे की या विषयावरची पुढची बातमी किंवा लेख छापताना तो जिवाणू कोणत्या माध्यमात वाढवला होता, त्याला कोणते अन्न आणि कोणती खनिजे दिली होती, आणि तो त्या वेळी वाढत होता की केवळ तगून होता, हे लेखकाला विचारून घ्यावे. ‘जिवाणूने किरणोत्सार संपवला’ असे वाक्य आढळल्यास ते दुरुस्त करावे. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलातून २००४ साली डायनोकॉकस इंडिकस या नव्या जातीची नोंद झाली, ती आर्सेनिकला दाद देत नाही. या कुळातले जिवाणू आपल्या देशाच्या मातीत आणि पाण्यातही आहेत, आणि ते कशावर जगतात याचा अभ्यास आपल्या महाविद्यालयांतील साध्या प्रयोगशाळांतही सुरू करता येण्याजोगा आहे. आपल्या पुरवणीने त्यासाठी जागा दिल्यास अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
नाशिक